भाऊ सख्खा आहे का? डीएनए अहवालातले ७२ टक्के कसे वाचायचे

ताई, तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. वडील जाऊन काही वर्षं झाली. आई हयात आहे आणि तुम्हा दोघांची आई तीच, याबद्दल कुणालाच शंका नाही. धाकट्या भावाचे वडील वेगळे असावेत अशी कुजबुज मात्र नात्यातून कानावर आली. तुम्ही दोघांनी गालाच्या आतून स्वॅब देऊन चाचणी करून घेतली. अहवालात आलं : 'भावंड निर्देशांक २.६, सख्खी भावंडं असण्याची संभाव्यता ७२ टक्के, निष्कर्ष अनिर्णित.' आणि तुमचा प्रश्न : उरलेल्या २८ टक्क्यांचा अर्थ तो माझा भाऊ नाही, असा घ्यायचा का?

नाही, अजिबात नाही. आई एक आहे म्हटल्यावर तो तुमचा भाऊ आहेच, आणि कुठल्याही चाचणीने ते बदलणार नाही. प्रश्न आहे तो वडील एक आहेत का, एवढाच. तुमच्या अहवालाने हा प्रश्न हाताळलेलाच नाही. त्यात 'ही दोघं सख्खी भावंडं आहेत' या शक्यतेची तुलना 'ही दोघं एकमेकांना पूर्ण परकी आहेत' या शक्यतेशी केली आहे. लॅबला आईविषयी काही सांगितलं नसेल तर ती नेहमीच्या पद्धतीने हेच गणित करते. पण तुमच्या घरात 'पूर्ण परकी' ही शक्यताच नाही. आई एक आणि वडील वेगळे असले तरी सामायिक आईमुळे निर्देशांक वर ढकलला जातो, आणि २.६ सारखा आकडा सख्ख्या भावंडांतही येतो. त्यामुळे वडिलांबद्दल हा आकडा ना होय म्हणतो, ना नाही.

इथे शब्दांचाही घोळ आहे. आपण 'सावत्र' म्हणतो त्यात दोन वेगळी नाती येतात : एक पालक खरोखर सामायिक असलेली भावंडं, आणि आई-वडिलांच्या दुसऱ्या लग्नामुळे घरात आलेली, रक्ताचं नातं नसलेली भावंडं. डीएनएच्या दृष्टीने या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून एकच पालक सामायिक असलेल्यांना मी या उत्तरात 'अर्धसख्खी' म्हणेन.

आता हा आकडा असा अधांतरी का राहिला ते सांगते. हे कळलं की पुढचं पाऊल आपोआप सुचतं.

अशा चाचण्यांत सहसा एसटीआर नावाच्या खुणा तपासतात. डीएनएमध्ये काही ठिकाणी एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो. कुणात तो ९ वेळा, कुणात १२ वेळा. प्रत्येक ठिकाणी माणसाचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. मूल आणि खरा पालक यांच्यात प्रत्येक ठिकाणी निदान एक आकडा जुळायलाच हवा. क्वचित एखाद्या ठिकाणी उत्परिवर्तनाने, म्हणजे डीएनएत आपोआप झालेल्या बदलाने, आकडा एकाने पुढेमागे होतो, पण अनेक ठिकाणी जुळलं नाही की पितृत्व नाकारता येतं. म्हणूनच पितृत्व चाचणीचा निकाल इतका ठाम लागतो.

भावंडांना असा नियम लागू होत नाही. पालकाकडचे दोन आकडे म्हणजे दोन चिठ्ठ्या समजा. प्रत्येक मुलाला त्यातली एक मिळते आणि कुणाला कोणती मिळेल हे नशिबावर. त्यामुळे सख्ख्या भावंडांत कुठल्याही एका ठिकाणी, चारात एक वेळा आई-वडील दोघांकडूनही तोच तुकडा आलेला असतो, चारात दोन वेळा एकाच पालकाकडचा तुकडा समान असतो, आणि उरलेल्या एका वेळी काहीच समान नसतं. म्हणजे २० ठिकाणं तपासली तर सरासरी ५ ठिकाणी एका पोटची भावंडंही परक्यासारखीच निघतात. काही ठिकाणी आकडे जुळले नाहीत म्हणून भावंड नाही, असं म्हणायची सोयच नाही. इथे पुरावा तराजूत घालून तोलावा लागतो.

हे तोलणं कसं चालतं याचं एक उदाहरण देते, कारण अहवालाची पानं उलटताना लोक नेमके इथेच फसतात. समजा एका ठिकाणी तुमचे दोन्ही आकडे भावाच्या दोन्ही आकड्यांशी जुळले. त्यातला एक लोकांमध्ये १० टक्के आणि दुसरा २० टक्के वारंवारतेने आढळतो. अशा ठिकाणी 'सख्खी विरुद्ध परकी' या गणितात सुमारे ८.४ गुण येतात, म्हणजे अशी जुळणी परक्यांपेक्षा सख्ख्यांत ८.४ पट जास्त संभवते. तेच आकडे दुर्मीळ असते, २ आणि ५ टक्के, तर एकाच ठिकाणाचे १३४ आले असते. उलट, एकच आकडा जुळला आणि तो ३० टक्के वारंवारतेचा, म्हणजे सर्रास सापडणारा असला, तर गुण येतात ०.६७. एकापेक्षा कमी. आकडा जुळूनही तो पुरावा सख्खेपणाच्या विरोधात जातो! काहीच जुळलं नाही तर ०.२५. या सगळ्या ठिकाणांच्या गुणांचा गुणाकार म्हणजे तुमचा २.६. म्हणून 'वीसपैकी चौदा ठिकाणी जुळलं' अशी बेरीज करून काहीच कळत नाही. काय जुळलं आणि ते किती दुर्मीळ, यावर सगळं ठरतं.

आणि ७२ टक्के? २.६ ला ३.६ ने भागलं की ०.७२ येतात. या भागाकारात एक गृहीत दडलेलं आहे : चाचणीआधी सख्खी असण्याची आणि परकी असण्याची शक्यता समसमान, ५०-५०. ही निव्वळ हिशेबाची सोय आहे. तुमच्या घराबद्दल लॅबने केलेलं ते विधान नव्हे. त्यामुळे मी लोकांना नेहमी सांगते, टक्का बाजूला ठेवा आणि निर्देशांक बघा. निर्देशांक ९ म्हणजे ९० टक्के आणि ९९ म्हणजे ९९ टक्के. कागदावर दोन्ही नव्वदीतच दिसतात, पण दुसरा पुरावा पहिल्याच्या अकरापट वजनाचा आहे.

तुमचा खरा प्रश्न 'सख्खी विरुद्ध अर्धसख्खी' हा आहे, आणि फक्त दोघांच्या एसटीआरवरून तो सोडवणं आणखी अवघड. वरच्याच उदाहरणात १० आणि २० टक्क्यांचे दोन्ही आकडे जुळले तेव्हा परक्यांच्या तुलनेत ८.४ मिळाले होते. अर्धसख्ख्यांच्या तुलनेत त्याच ठिकाणी जेमतेम साडेतीन मिळतात. १० टक्क्यांचा एकच आकडा जुळला तर ०.८६, म्हणजे जवळपास काहीच नाही. अशा आकड्यांनी तराजू हलायला फार ठिकाणं लागतात, आणि २० ठिकाणांत तो बरेचदा मधेच अडकतो. तुमच्या लॅबने 'अनिर्णित' लिहिलं ते प्रामाणिकपणाचं लक्षण आहे. ७२ टक्क्यांवर 'सख्खी भावंडं' असा शिक्का मारून देणाऱ्या लॅबपेक्षा ही लॅब मला कितीतरी विश्वासाची वाटते.

मग करायचं काय? दोन वाटा आहेत. एकीत आईला सामील करून घ्यावं लागतं, दुसरीत नाही.

आईचा नमुना मिळाला तर चित्र पालटतं. तुमच्या आणि भावाच्या आकड्यांतून आईकडून आलेला आकडा वजा केला की बहुतेक ठिकाणी वडिलांकडून आलेला आकडा उघडा पडतो. मग तुलना फक्त त्या एका आकड्याची. तो जुळला आणि १० टक्के वारंवारतेचा असला तर एकाच ठिकाणी साडेपाच गुण, ५ टक्क्यांचा असला तर साडेदहा. नाही जुळला तर अर्धा. आधी जेमतेम साडेतीन मिळवण्यासाठीसुद्धा दोन्ही आकडे जुळावे लागत होते, हे लक्षात घ्या. त्याच नमुन्यांतून, त्याच २० ठिकाणांतून इतका जास्त अर्थ निघतो तो केवळ आईचा एक स्वॅब जोडल्यामुळे. आणखी एखादं भावंड असेल तर त्याचाही उपयोग होतो. दोन पालकांकडे मिळून एका ठिकाणी जास्तीत जास्त चारच वेगळे आकडे असू शकतात. तीन भावंडांत मिळून पाच वेगळे आकडे दिसू लागले, आणि तेही अनेक ठिकाणी, तर तिघंही एकाच जोडप्याची नाहीत हे उघड होतं.

ही युक्ती नवी नाही. डीएनए चाचणीचं पहिलं प्रकरणच या वाटेने सुटलं होतं. लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए फिंगरप्रिंटची पद्धत शोधली, आणि १९८५ मध्ये त्यांच्यापुढे घानाहून ब्रिटनला परतलेल्या एका मुलाचं प्रकरण आलं. ज्या बाईला तो आई म्हणत होता, तिचा तो मुलगा नसून भाचा असावा, असा तिथल्या इमिग्रेशन अधिकाऱ्यांचा संशय होता. वडील चाचणीसाठी उपलब्ध नव्हते. जेफ्रीज यांनी आईचा आणि तिच्या तीन निर्विवाद मुलांचा डीएनए घेतला. मुलांमध्ये दिसणारं पण आईत नसलेलं जे काही होतं, त्यातून गैरहजर वडिलांचा डीएनए बराचसा उभा केला आणि मग त्या मुलाच्या डीएनएशी ताडून पाहिला. मुलगा त्याच आई-वडिलांचा ठरला आणि घरच्यांकडे राहू शकला. वडील नसताना भावंडांतून वडील शोधायचे, हे आम्ही आजही करतो. साधनं तेवढी सुधारली आहेत.

पण आईला विचारणं म्हणजे केवळ एक स्वॅब मागणं नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्या स्वॅबबरोबर तिच्या आयुष्यातला एक प्रश्न तिच्यापुढे ठेवला जातो. ती नाही म्हणाली तर ते नाही मानायचं. तिचा कंगवा, टूथब्रश किंवा पाण्याचा पेला गुपचूप लॅबला पाठवायचा विचार मनात आला असेल तर कृपा करून काढून टाका. संमतीशिवाय घेतलेला नमुना तिचा विश्वासघात आहे, आणि चांगली लॅब तो घेतही नाही.

दुसरी वाट एसएनपी चिपची. एसएनपी म्हणजे डीएनएतल्या एकेका अक्षराचे, माणसागणिक बदलणारे फरक. घरपोच किट देणाऱ्या वंशशोधाच्या कंपन्या हेच तंत्र वापरतात. यात २० च्या जागी सुमारे ६ ते ७ लाख ठिकाणं वाचली जातात, आणि दोघांच्या गुणसूत्रांवर कुठून कुठपर्यंत सलग पट्टा समान आहे ते दिसतं. हे पट्टे सेंटीमॉर्गन या एककात मोजतात. सख्ख्या भावंडांत साधारण २,६०० आणि अर्धसख्ख्यांत साधारण १,७५० सेंटीमॉर्गन समान निघतात. दोन्हीकडे आकडा बराच वरखाली होतो. २००६ मध्ये पीटर विशर आणि सहकाऱ्यांनी सख्ख्या भावंडांच्या ४,४०१ जोड्या तपासल्या. भावंडांत ५० टक्के डीएनए समान असतो असं आपण सरसकट म्हणतो, तिथे प्रत्यक्षात हे प्रमाण सुमारे ३७ पासून ६२ टक्क्यांपर्यंत पसरलेलं होतं. म्हणून एकूण बेरजेपेक्षा मी आणखी एका गोष्टीकडे बघते : गुणसूत्राच्या जोडीतल्या दोन्ही प्रती जिथे जुळतात, म्हणजे आई आणि वडील दोघांकडचाही तोच तुकडा आलेला असतो, असे पट्टे. सख्ख्या भावंडांत जवळपास पाव जीनोम (म्हणजे माणसाचा सगळा डीएनए) असा दुहेरी जुळलेला असतो. आई एक आणि वडील एकमेकांशी नातं नसलेले दोन पुरुष असतील तर असे पट्टे जवळजवळ नसतातच. पाव आणि शून्य यांत गोंधळ व्हायला जागा नाही. तुमच्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर देणारी, आणि तुम्हा दोघांपलीकडे कुणालाही न गुंतवणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

एक अपवाद मात्र तुमच्या बाबतीत ध्यानात ठेवायलाच हवा. कुजबुजीतला दुसरा पुरुष वडिलांचा भाऊ किंवा त्यांचे वडील असेल, तर दुहेरी जुळणी शून्यावर येत नाही. ती साडेबारा टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणजे सख्खे आणि अर्धसख्खे यांच्या बरोबर मधे. पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्नं होत आलेल्या समूहांतही आकडे असेच फुगतात, कारण तिथे दोन 'परक्या' माणसांतही थोडा डीएनए समान असतो. अशी शंका असेल तर लॅबला आधीच सांगा. न सांगता आलेला मधला आकडा कुठल्याही बाजूला ओढून वाचता येतो.

वाय गुणसूत्राबद्दलही तुम्ही विचारलं होतंत. ते वडिलांकडून फक्त मुलाला मिळतं, त्यामुळे बहीण-भावाच्या जोडीत थेट तुलनेसाठी निरुपयोगी. तुमच्या वडिलांचा सख्खा भाऊ तयार असेल तर तुमच्या भावाचं वाय त्याच्याशी ताडता येईल. अनेक ठिकाणी जुळलं नाही तर तुमचा भाऊ त्या पितृवंशातला नाही, हा निकाल पक्का, अर्थात काका स्वतः त्या वंशातला आहे हे धरून. एखाद्याच ठिकाणी फरक असेल तर घाई नको, उत्परिवर्तन असू शकतं. आणि सगळं जुळलं तरी त्यातून वंश सिद्ध होतो, माणूस नाही : वडील, काका, आजोबा, चुलतभाऊ सगळ्यांचं वाय तेच.

मुलींच्या बाबतीत एक्स गुणसूत्र कामाचं. वडील आपलं एकुलतं एक एक्स प्रत्येक मुलीला जसंच्या तसं देतात. त्यामुळे एका वडिलांच्या दोन मुलींत एक्सवरच्या प्रत्येक ठिकाणी निदान एक आकडा जुळतोच. दोन बहिणींचं प्रकरण असतं तर मी आधी हेच करायला सांगितलं असतं. भावाला मात्र वडिलांचं एक्स मिळत नाही, म्हणून तुम्हा दोघांत हा मार्ग बंद. तंतुकणिकांमधला (मायटोकॉन्ड्रियल) डीएनए फक्त आईकडून येतो आणि तुमच्या बाबतीत आईबद्दल शंकाच नाही. त्यावर पैसे घालवू नका.

तुमच्या भावाचा रक्तगट वेगळा आहे, हेही तुम्ही लिहिलंत. यातून काहीही सिद्ध होत नाही. ए गटाचे वडील आणि बी गटाची आई यांना, दोघांकडेही लपलेला ओ असेल तर, ए, बी, एबी आणि ओ अशी चारही गटांची मुलं होऊ शकतात. असाच गैरसमज अवयवदानाच्या वेळी होतो. भावाची एचएलए (दात्याचा अवयव शरीर स्वीकारेल का हे ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) जुळणी आली नाही की घरात नको त्या शंका सुरू होतात. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना चिकटून असतात आणि गठ्ठ्याने पुढे जातात. सख्ख्या भावंडांत ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक आणि अजिबात न जुळण्याचीही चारात एक. माझ्याकडे एकदा एक गृहस्थ आले होते. आजारी भावाशी एचएलए जुळली नाही म्हणून 'मी या घरचा नाहीच' अशी त्यांची समजूत झाली होती आणि त्यांनी त्या भावाला भेटायला जाणंही सोडलं होतं. चाचणीत दोघं निःसंशय सख्खे निघाले. अजूनही त्यांची आठवण आली की वाटतं, जुळणीचा कागद हातात देताना कुणीतरी दोन वाक्यं नीट सांगायला हवी होती.

पुढच्या चाचणीआधी एक गोष्ट नक्की तपासा : दोघांपैकी कुणाचं कधी अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं आहे का? झालं असेल तर त्या व्यक्तीच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो. लाळेत आणि गालाच्या स्वॅबमध्ये पांढऱ्या पेशी येतात, त्यामुळे तिथेही तो मिसळतो. दाता भाऊच असेल तर दोघं एकसारखे जुळे वाटतील असा निकाल येऊ शकतो. बाकी नमुना देणं सोपं आहे. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, आणि स्वॅब ओला ठेवायचा नाही किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडायचा नाही. किटबरोबरची सूचना नीट पाळली की झालं.

हा निकाल कोर्टात, वारसाहक्काच्या कामात किंवा व्हिसासाठी लागणार असेल तर घरी घेतलेला नमुना चालणार नाही. तिथे त्रयस्थ व्यक्ती ओळखपत्र तपासून, फोटो आणि सही घेऊन, सीलबंद नमुना पाठवते, आणि लॅबकडे आयएसओ १७०२५ (प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) सारखी मान्यता आहे का ते पाहिलं जातं. तुम्हाला फक्त स्वतःसाठी जाणून घ्यायचं असेल तर यातलं काही लागत नाही. वंशशोधाच्या कंपनीकडे जाताना मात्र एक खबरदारी घ्या : 'नातेवाईक शोधा' ही सोय दोघांना फक्त एकमेकांपुरती चालू ठेवता येते का ते आधी बघा. ती सर्वांसाठी चालू असेल तर एखादा अनोळखी अर्धसख्खा भाऊ किंवा चुलत नातेवाईक अचानक यादीत दिसू शकतो, आणि त्यालाही तुम्ही दिसता.

आता भावाबद्दल. पहिल्या चाचणीला तो तयार झाला, पण कुजबुज त्याच्याही कानावर आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर पुढच्या नमुन्याआधी त्याला ते तुमच्याकडून कळू दे. निकाल अर्धसख्खा आला तर धक्का तुमच्यापेक्षा त्याला मोठा बसेल, कारण वडिलांचा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहील. आणि कुजबुज त्याच्याविषयी आहे म्हणून उत्तरही त्याच्याचविषयी असेल असं नाही. चाचणी फक्त एवढंच सांगेल की दोघांचे वडील एक की दोन. दोन निघाले तर ज्यांना तुम्ही दोघं बाबा म्हणत आलात ते कुणाचे, हे त्यातून कळणार नाही. ते कळायला वडिलांच्या बाजूचं कुणीतरी लागेल. दोघांनी बसून आधी ठरवा : निकाल कुणाला सांगायचा, आईला सांगायचा का, आणि त्याला मधेच थांबावंसं वाटलं तर थांबायचं का.

लॅबला पुन्हा लिहाल तेव्हा अर्जात सरळ असं लिहा : 'दोघांची आई एकच आहे, हे गृहीत धरून सख्खी भावंडं विरुद्ध फक्त आई सामायिक असलेली भावंडं, अशी तुलना करून निर्देशांक द्यावा.' तुमच्या जुन्या दोन नमुन्यांचे आकडे त्यांच्याकडे असतील तर हे गणित नवा स्वॅब न घेताही होईल. उत्तर १ च्या आसपास आलं, आणि दोघांच्याच एसटीआरवर ते तसं येण्याची मला भीती आहे, तर एसएनपी चाचणीकडे वळा आणि अहवालात दुहेरी जुळलेल्या पट्ट्यांचं प्रमाण वेगळं मागून घ्या.